हॉलची लादी, टीव्हीमागची भिंत, किचनचा डॅडो: चकचकीत घ्यावं की मॅट? (ठाणे)

रेवा_कासारवडवली
नमस्कार मंडळी, घराचं काम काढतोय, सल्ला हवाय. घोडबंदर रोडला आमचा टू बीएचके आहे. बिल्डरने घातलेली २ बाय २ ची आयव्हरी व्हिट्रिफाइड लादी आहे, ती हॉलमध्ये बऱ्याच ठिकाणी पोकळ वाजते आणि किचनच्या दाराशी दोन लाद्या चक्क तंबूसारख्या वर आल्यात. दिवाळीनंतर काम सुरू करायचं ठरतंय. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि पाचवीतला मुलगा. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, वॉकर सुटलाय पण चालताना भिंतीला हात लागतोच.

इंटिरियरवाल्या मुलीने जे थ्रीडी दाखवलंय ते दिसायला फार सुंदर आहे. हॉलला २ बाय ४ ची चकचकीत पांढरी, मार्बलसारखी सोनेरी शिरांची लादी, टीव्हीमागे चारकोल लूव्हर (खाचाखाचांचं पॅनेल) आणि मधोमध मार्बलसारखी शीट, किचनला पांढरा क्वार्ट्झचा ओटा, डॅडोला, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीला, निळ्या मोरोक्कन टाइल्स. यातलं काय ठेवावं, काय काढावं? जुनी लादी उखडावी की तिच्यावरच नवी बसवावी? आणि मला नक्षीच्या टाइल्स मनापासून आवडतात, त्या घरात कुठेतरी हव्यातच, फक्त कुठे लावल्या म्हणजे दोन वर्षांत डोळ्यांना जड होणार नाहीत ते सांगा.

नौपाडकर
गुडघ्यांचं ऑपरेशन वाचल्यावर पुढचं वाचायची गरजच उरली नाही. मॅट घ्या. विषय संपला.

बंड्या_ऐरोली
विषय कसा संपला हो नौपाडकर, आत्ता तर सुरू झालाय. टॉवरमधल्या फ्लॅटांच्या हॉलला उजेड एकाच बाजूने, तोही समोरच्या बिल्डिंगच्या कृपेने. ग्लॉसी लादी असली की तेवढाच उजेड आतपर्यंत पोचतो, खोली मोठी वाटते. आमच्याकडे मोठ्या साइझची ग्लॉसी आहे, घरात म्हातारे आईवडील आहेत, कोणी पडलेलं नाही. कोरडी लादी घसरत नाही, ओली घसरते. ती ओली ठेवायची नाही एवढंच. आणि मॅटवर मळ बसला की तो घासून घासून काढावा लागतो ते कोणी सांगत नाही.

कल्याणी_वाशी
बंड्यादादा, पहिल्या पावसात तुमच्या लादीला घाम सुटत नाही का? आमच्याकडे जूनमध्ये दमट हवा आली की गार लादीवर पाणी धरतं, पुसलं तरी दहा मिनिटांत परत ओलसर. आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे, तिथे जास्तच. मग "ओली ठेवायची नाही" हे कुणाच्या हातात राहतं?

शिवाय रोजचं सांगते. संध्याकाळी बाल्कनीतून तिरपं ऊन आलं की चकचकीत पांढऱ्या लादीवर प्रत्येक केस, प्रत्येक पावलाचा ठसा, फडक्याचा प्रत्येक फराटा दिसतो. पाहुणे यायच्या आधी मी कोरडं फडकं घेऊन ओणवी असते. रेवा, सोनेरी शिरा सुंदर दिसतात गं, पण पुसणारं कोण आहे ते आधी ठरव.

नौपाडकर
+१. आणि पडायला एकदाच पडावं लागतं.

सुतारपक्षी
मी हेच काम करतो, ठाण्यापासून पनवेलपर्यंत साइट सुपरव्हिजन. जरा लांबड लावतो, कारण इथे सगळे वरच्या चकाकीबद्दल भांडताहेत आणि रेवाताईंचा खरा प्रश्न लादीच्या खाली आहे.

लादी पोकळ का वाजते आणि वर का येते? व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळपास पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जुन्या मोझॅक लादीला किंवा शहाबादला सिमेंटचा रबडा धरायचा, कारण ती फरशी पाणी ओढून घ्यायची. व्हिट्रिफाइडच्या पाठीला तोच रबडा लावला की तो नुसता टेकून राहतो, धरत नाही. त्यात मिस्त्री लादीला लादी घट्ट भिडवतात, कारण घरमालकाला फट नको असते. मग स्लॅब थोडा हलला, हवा गरम-गार झाली, की लादीला पसरायला जागा नाही, ती एकमेकींना रेटते आणि एके रात्री फाटकन आवाज होऊन दोन लाद्या मधोमध उभ्या राहतात. लोक घाबरून भूकंप झाला समजतात. रेवाताई, किचनच्या दाराशी झालंय ते हेच.

त्यामुळे नवी लादी कोणतीही घ्या, पण तीन गोष्टी कोटेशनमध्ये लिहून घ्या. लादी टाइल अ‍ॅडहेसिव्हवर बसवायची, साध्या सिमेंटवर नाही. अ‍ॅडहेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे, त्यात प्रकार आहेत, मोठ्या व्हिट्रिफाइड लादीला चालणारा प्रकार आहे ना ते पोत्यावर वाचा. दुसरं, दोन लाद्यांमध्ये किमान २ मिमीचे स्पेसर, आणि भिंतीच्या कडेने स्कर्टिंगखाली झाकली जाईल अशी ५-६ मिमीची मोकळी फट. तिसरं, लादीची पाठ पुसूनच लावायची. फॅक्टरीतून येताना पाठीवर पांढरी भुकटी असते, भट्टीत रोलरला चिकटू नये म्हणून लावलेली. ओलं फडकं मारल्याशिवाय अ‍ॅडहेसिव्ह लावलं तर ते भुकटीला चिकटतं, लादीला नाही. हे मी स्वतः उखडलेल्या लाद्यांच्या पाठीवर पाहिलंय, अ‍ॅडहेसिव्हच्या दातेरी रेघा जमिनीवर जशाच्या तशा उभ्या आणि लादीची पाठ कोरी करकरीत.

भिंतीवर तर आणखी वाईट चालतं. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक, दाबलं की झालं. त्या लादीत पुढे खिळा ठोकायला गेलात की तडकते, कारण मागे हवा. दातेरी थापीने सगळीकडे सारखं पसरायला लावा.

आता चकचकीत की मॅट. लादीच्या कॅटलॉगमध्ये आर ९, आर १०, आर ११ असा आकडा असतो. ही जर्मन चाचणी आहे, तेल ओतलेल्या उतारावर बूट घालून माणसाला चालवतात, उतार वाढवत नेतात आणि कुठल्या कोनाला पाय सुटतो ते बघतात. घरात आपण अनवाणी वावरतो, त्यासाठी साबणाच्या पाण्यावर अनवाणी चालायची वेगळी चाचणी आहे, तिचे वर्ग ए, बी, सी. दुकानदाराला विचारा. उत्तर देता आलं नाही तर लादीवर पाणी ओतायला सांगा आणि चप्पल काढून उभ्या राहा. हॉलला आर ९ मॅट किंवा सॅटिन पुरे, बाथरूमला आर १० च्या खाली जाऊ नका.

बंड्यादादांचं मळाचं म्हणणं खरं आहे, पण ते रफ मॅटबद्दल. हल्ली हाताला रेशमी लागणारे मॅट आणि सॅटिन फिनिश येतात, ते पुसायला त्रास देत नाहीत.

पावसाळी
सुतारपक्षी, वाचनखूण साठवली. हे सगळं माझ्या मिस्त्रीला वाचून दाखवणार आहे.

बंड्या_ऐरोली
सॅटिनवर मी तडजोड करायला तयार आहे :)

अण्णा_बेलापूर
मी स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. लादीवर लादी या मुद्द्यावर लिहितो.

जुनी लादी घट्ट असेल तर वर दुसरी बसवता येते. १० मिमीची लादी चौरस मीटरला साधारण २३ किलो भरते, अ‍ॅडहेसिव्ह धरून तीस धरा. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या मानकात चौरस मीटरला २०० किलोचा वापरभार (माणसं, सामान यांचं वजन) धरलेला असतो, म्हणजे एका थराने बिल्डिंगला लगेच धोका नाही, पण हा भार कायमचा बसतो. प्रत्येक मजल्यावर प्रत्येक घराने दहा वर्षांनी एकेक थर चढवला तर तो हिशेब डिझाइन करणाऱ्याने केलेला नसतो. जुन्या इमारतीत तर विचारल्याशिवाय करूच नये.

रेवाताईंच्या बाबतीत प्रश्नच येत नाही. खालची लादी पोकळ असेल तर वरची तिच्याच भरवशावर उभी राहणार. हॉलची उखडा. उखडताना खालचा मसालाही तपासा, सैल असेल तर तोही काढा. ४० मिमीचा मसाला चौरस मीटरला ऐंशी किलोच्या आसपास असतो, त्यामुळे रॅबिटच्या (फोडलेल्या मालाच्या) गोण्या किती निघतील याचा अंदाज आधी घ्या, ठेकेदार तो खर्च शेवटी सांगतात आणि मग वाद होतात. सोसायटीची परवानगी, कामाच्या वेळा, लिफ्टला प्लायवूड लावणं हे सगळं लेखी करून घ्या.

आणि ब्रेकर मशीन बाथरूमच्या भिंतीजवळ वापरू देऊ नका. तिथे छिन्नी-हातोडीच. वॉटरप्रूफिंगच्या कोब्याला तडा गेला की खालच्या घरात ओल उतरते.

चाफा_नेरूळ
अण्णा, थोडं अवांतर विचारते. आमचं सिडकोचं जुनं घर आहे, जमिनीला ती हिरवट-पांढऱ्या चिप्सची मोझॅक लादी. सगळे म्हणतात काढून टाका, जुनाट दिसते. मला ती आवडते. काय करू?

अण्णा_बेलापूर
चाफाताई, हात जोडून सांगतो, काढू नका. त्या लादीच्या वरच्या थरात सिमेंटमध्ये मार्बलच्या चिप्स दाबून बसवलेल्या असतात, तो थर काही मिलिमीटर जाड असतो. म्हणजे पॉलिशवाल्याने मशीनला दगड लावून घासली की वरचा मळ, जुने ओरखडे, अ‍ॅसिडने खाल्लेला भाग निघून खालून ताज्या चिप्स उघड्या पडतात. हे पुन्हा पुन्हा करता येतं. आत्ताच्या छापील लादीचं तसं नाही. तिच्यावरची मार्बलची शीर म्हणजे वरच्या ग्लेझवर डिजिटल मशीनने मारलेलं चित्र आहे, जड वस्तू पडून कपचा उडाला की आतलं अंग वेगळ्या रंगाचं दिसतं. डबल चार्जमध्ये रंगाचा थर ३-४ मिमी तरी असतो आणि फुल बॉडीत आरपार एकच रंग, म्हणून ती वर्दळीला बरी. पण शोरूममध्ये सगळ्यांनाच टाइल म्हणतात आणि गिऱ्हाईक चित्र बघून निवडतं.

तुमच्या लादीला फक्त अ‍ॅसिड घालणं थांबवा. मोरी धुवायचं अ‍ॅसिड सिमेंट आणि मार्बल दोन्ही खातं.

बंड्या_ऐरोली
अण्णा, मोझॅक टिकते मान्य, पण काळपट दिसते. आमच्या आईने आयुष्यभर ती लादी पुसली आणि नव्या घरात शिरताना तिची एकच अट होती, पांढरी स्वच्छ लादी. प्रत्येक पिढीची हौस असते. लोकांनी पांढरी चकचकीत घेतली तर त्यात दिखाऊपणा शोधू नये असं मला वाटतं.

अण्णा_बेलापूर
हौसेला माझी हरकत नाही, बंडोपंत. आईंची अट मला पूर्ण पटते. धडधाकट वस्तू फोडून डंपिंग ग्राउंडला पाठवायची घाई मात्र मला बघवत नाही.

मनवा_खारघर
नक्षीच्या टाइल्सबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी उतरते. रेवा, तुझ्या आवडीशी मी शंभर टक्के.

आधी हे ठरव की छापील नक्षी हवीय की खरी सिमेंट टाइल. मोरोक्कन डिझाइन म्हणून दुकानात मिळते ती बहुतेक वेळा मोरबीची सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड, वर छापलेली. तिच्यात वाईट काही नाही, डॅडोला तीच बरी. पण खरी सिमेंट टाइल हातात घेतलीस की फरक कळतो. तमिळनाडूत चेट्टिनाडकडे आतंगुडी नावाचं गाव आहे, तिथे ती अजून हाताने करतात. काचेचा चौकोनी तुकडा घेतात, त्यावर लोखंडी चौकट, चौकटीत नक्षीचा पत्र्याचा साचा, आणि साच्याच्या एकेका कप्प्यात रंगीत सिमेंटचा पातळ रबडा चमच्याने ओततात. साचा अलगद उचलला की रंग एकमेकांना भिडतात, कडा किंचित थरथरलेल्या राहतात. वर कोरडं सिमेंट आणि वाळू, मग ओला मसाला भरून दाबायचं. मग टाइल पाण्यात मुरवायची. भट्टी नाहीच. काचेवरून सुटून आली की वरची बाजू आपोआप गुळगुळीत. तिथल्या वाड्यांत लोक लादीला खोबरेल तेलाचा हात फिरवतात.

लांब जायचीही गरज नाही. आपल्या मुंबईत भारत फ्लोरिंग टाइल्स १९२२ पासून सिमेंटच्या टाइल्स करतंय, सुरुवात उरणला, म्हणजे आपल्या नवी मुंबईच्या शेजारीच. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांत, अगाशांत, देवघरांत जी फुलाफुलांची लादी दिसते ती याच जातीची. आता रिडेव्हलपमेंटमध्ये त्या इमारती पडताहेत आणि नक्षीसकट लादी रॅबिटमध्ये जाते, हे बघून माझ्या पोटात तुटतं. नौपाड्यातही जुनी घरं पडताना कोणी पाहिली असतील तर सांगा.

मी आमच्या बाल्कनीत सिमेंट टाइल घातली आहे, काळी-पांढरी-शेवाळी. एक मात्र लक्षात ठेव, ती पाणी पिते आणि आंबट तिला सोसत नाही. घातल्यावर सीलर मारावा लागतो आणि तो अधूनमधून पुन्हा मारावा लागतो. म्हणून किचनच्या शेगडीमागे सिमेंट टाइल नको. हळद, तेल, कोकम तिथे रोजचंच.

कुठे लावू म्हणालीस तर छोटी आणि पूर्ण जागा निवड. बाल्कनी, देवघराची मागची भिंत, दाराबाहेरचा उंबऱ्यापुढचा चौकोन. मोठ्या हॉलच्या मधोमध नक्षीचा पट्टा मारलास तर त्यावर सोफा येतो आणि अर्धी नक्षी झाकली जाते, मग ती उगाच दिसते.

नौपाडकर
मनवा, पाहिली आहेत. आमच्या गल्लीतलं एक घर पाडताना मुकादमाला चहापाण्याचे पैसे देऊन मी काही लाद्या उचलून आणल्या, निळ्या आणि विटकरी रंगाच्या, आठ बाय आठ इंची. टेबलाच्या वर बसवून घेतल्यात. घरच्यांनी आधी डोक्याला हात लावला होता, आता पाहुण्यांना त्याच दाखवतात.

मनवा_खारघर
नौपाडकर, फोटो टाका, प्लीज. असं टेबल मलाही करायचंय.

पार्थ_घणसोली
ओट्याबद्दल. पांढरा क्वार्ट्झ नको. क्वार्ट्झ म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन. दगडाला काही होत नाही, रेझिनला होतं. कुकर किंवा कढई थेट ठेवलीत तर पिवळट गोल उमटतो आणि तो निघत नाही. परदेशी स्वयंपाकघरात दोन भांडी तापतात, आपल्याकडे गणपतीत एकवीस मोदकांची उकड निघते आणि पुरणाचं पातेलं उतरवायला जागा शोधावी लागते. काळा ग्रॅनाइट घ्या, डोळे मिटून.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. क्वार्ट्झ कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका प्रचंड असते, ती फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, त्यावर इलाज नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या इंजिनिअर्ड स्टोनवर बंदीच आणली ती कापणाऱ्या कामगारांच्या जिवासाठी. आपल्याकडे तो मुलगा तोंडाला रुमाल बांधून सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुका कापत बसलेला असतो. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच, कमी असली तरी. त्यामुळे दगड कुठलाही असो, कापताना कटरवर पाण्याची धार हवी आणि कामगाराला खरा मास्क हवा. दोन्ही तुम्ही मागू शकता, घर तुमचं आहे.

कल्याणी_वाशी
पार्थ, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. मला हे माहीतच नव्हतं. आमच्या शेजारच्या फ्लॅटचं काम चालू आहे, आज सेक्रेटरीशी बोलते.

पावसाळी
माझा एक प्रश्न. ओटा खरा मार्बलचा केला तर? आजोळी होता.

पार्थ_घणसोली
मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू पिळताना थेंब उडाला, कोकमाचं आगळ सांडलं की तिथली चकाकी खाल्ली जाते, मंद ठिपका राहतो. पोळपाट मार्बलचा ठेवा, ओटा नको.

सुतारपक्षी
टीव्हीमागच्या भिंतीचं राहिलंच. चारकोल लूव्हर, फ्लूटेड पॅनेल, यूव्ही मार्बल शीट, हे सगळं सध्या घराघरांत लागतंय. लवकर लागतं, धूळ-माती नाही, सुताराचं काम कमी. पण तीन प्रश्न विचारा. ती भिंत बाहेरची आहे का, म्हणजे पाऊस थेट बसतो का? बसत असेल तर आधी बाहेरची गळती बंद करा, नाहीतर पॅनेलमागे ओल साचते, वर्षभर काही दिसत नाही आणि मग काळी बुरशी कडेने डोकावते. पॅनेलमागे प्लाय येणार का? येणार असेल तर वाळवीचा इलाज आधी. आणि लूव्हरच्या खाचा पुसणार कोण? घोडबंदरची धूळ तुम्हाला मी सांगायला नको. खाचेखाचेतून ब्रश फिरवावा लागतो.

भिंतीवर काही हवंच असेल तर एवढ्याशा भागात खऱ्या लाकडाचं विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) पॉलिश करून लावा आणि बाकी भिंत रंगवा, किंवा चुन्याचं टेक्स्चर करून घ्या. सनमायकाचंही चांगलं होतं. तो क्राफ्ट कागदाचे थर रेझिनमध्ये भिजवून दाबून केलेला पत्रा आहे, मिलिमीटरभर जाडीचा घ्या, कडांना एजबँड नीट लागला तर किचनच्या ट्रॉल्यांनाही वर्षानुवर्षं टिकतो. ओल शिरते ती कडेतूनच.

चाफा_नेरूळ
आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने हॉलच्या चारही भिंतींना लूव्हर लावलेत. आत गेलं की खोक्यात बसल्यासारखं वाटतं. नाकापेक्षा मोती जड.

बंड्या_ऐरोली
चाफाताई, तो फ्लॅट माझ्या मेव्हण्याचा तर नाही ना? वर्णन तंतोतंत जुळतंय. विचारून सांगतो :D

मिहीर_कोलशेत
धागा आवडीने वाचतोय. दोन गोष्टी घालतो ज्या आमच्या कामात उपयोगी पडल्या. मोठी लादी बघायला जाल तेव्हा आधी तुमच्या लिफ्टचं माप काढा. ४ बाय ८ फुटांचा स्लॅब लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याने चढवावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे, वळणावर फुटला तर भांडण वेगळं. २ बाय ४ ला ही अडचण नाही. आणि लाकडी फळीसारखी लांब लादी घेतलीत तर वीटकामासारखी अर्ध्यावर अर्धी लावू देऊ नका. लांब लादी भट्टीत किंचित कमानदार होते, एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या कडेशी आला की पायाला कंगोरा लागतो. एक तृतीयांश सरकवून लावायची.

ठाण्यातून शिळफाट्याला मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानांची रांग आहे, तिथे दगड उन्हात बाहेर नेऊन बघता येतो. शोरूमच्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच सुंदर दिसतं.

रेवा_कासारवडवली
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून सासूबाईंना पूर्ण धागा वाचून दाखवला. त्यांना आतंगुडीचं खोबरेल तेल सगळ्यात आवडलं, म्हणाल्या माहेरी शेणाची जमीन होती, मग लाल कोबा आला आणि तोही आम्ही असाच हाताने घोटायचो.

आत्तापर्यंत ठरलंय ते असं. हॉलची लादी उखडायची. नवी २ बाय ४ च, पण सॅटिन मॅट, फिकट करड्या रंगाची, शिरा नाहीत. ओटा काळा ग्रॅनाइट. टीव्हीमागची भिंत बाहेरचीच निघाली, त्यामुळे लूव्हर बाद, फक्त रंग आणि एक विनियरची फळी. नक्षी बाल्कनीत आणि देवघरामागे, खऱ्या सिमेंट टाइलची. इंटिरियरवाली आधी हिरमुसली, पण बाल्कनीचं नवीन ड्रॉइंग तिने इतकं छान करून पाठवलंय की आता तीच जास्त उत्साहात आहे.

दोन शंका राहिल्या. बेडरूमची जुनी लादी चांगली आहे, ती ठेवतोय, मग हॉल आणि बेडरूमच्या पातळीत फरक पडेल का? आणि जास्तीची लादी किती घ्यायची?

सुतारपक्षी
पातळीचं आधीच बघितलंत हे उत्तम. जुनी लादी आणि मसाला मिळून दोन इंच निघतील असं धरा. नवीन लादी १० मिमी, अ‍ॅडहेसिव्ह ५ मिमीच्या आसपास, उरलेली जाडी मिस्त्रीने कोब्याने भरून काढायची. हॉलचा कोबा बेडरूमच्या लादीच्या वरच्या पातळीवरून उलटा मोजत यायचा, सुरुवात बेडरूमच्या दारातून करायची, मेनडोअरपासून नाही. मेनडोअरपासून सुरू केलं की सगळा फरक शेवटी बेडरूमच्या दारात येऊन साचतो आणि तिथे पट्टी ठोकून वेळ मारून नेतात. कोबा घातल्यावर सुकू द्या, घाई करू नका. आणि बाल्कनीचा ढाळ नहाणी ट्रॅपकडे हवा, टाइल लावायच्या आधी बादलीभर पाणी ओतून बघा, पाणी कुठे थांबतं ते दिसेल.

लादी मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या, आणि सगळ्या बॉक्सवर शेड नंबर आणि बॅच एकच आहे ना ते माल उतरवून घेताना बघा, लावायला सुरुवात झाल्यावर नाही. काम संपल्यावर एक न फोडलेला बॉक्स माळ्यावर ठेवा. दोन वर्षांनी तीच लादी, तीच शेड परत मिळेल याची खात्री कोणताही दुकानदार देऊ शकत नाही. सिमेंट टाइल तर हाताची, त्यामुळे चार-सहा जास्तच मागवा.

अण्णा_बेलापूर
बाथरूमला हात लावणार असाल तर टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंग करून २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत स्वतः बघून या. ठेकेदाराच्या शब्दावर राहू नका.

रेवा_कासारवडवली
बाथरूम पुढच्या वर्षी, पण लिहून ठेवते अण्णा. डॅडोचं मात्र अजून ठरेना. तिथेही मॅटच घेऊ का?

बंड्या_ऐरोली
नाही! निदान डॅडोला तरी ग्लॉसी घ्या. भिंतीवर कोणी चालत नाही. शेगडीमागे फोडणी उडते, ग्लॉसी असेल तर एका फडक्यात निघते.

कल्याणी_वाशी
या वेळी बंड्यादादांना पूर्ण अनुमोदन. डॅडोला साधी ग्लॉसी, फिकट रंगाची, लादी मोठी म्हणजे सांधे कमी. आणि सांध्यात व्हाइट सिमेंट भरू देऊ नकोस, हळदीने पिवळं होतं ते होतंच. इपॉक्सी ग्राउट सांग. महाग पडतं, पण शेगडीमागच्या आणि सिंकमागच्या भागापुरतं लागतं कितीसं.

सुतारपक्षी
बरोबर. फक्त इपॉक्सी भरणारा माणूस सवयीचा हवा. ते दोन भाग मिसळले की थोड्याच वेळात घट्ट होतं, लादीवरचं लगेच स्पंजने पुसलं नाही तर चिकट पापुद्रा राहतो आणि मग तो खरवडावा लागतो. एकदम सगळं मिसळू देऊ नका, थोडं थोडं मिसळून दोन-चार सांधे भरायचे, पुसायचे, मग पुढे. ग्राउटचा रंग लादीपेक्षा एक छटा गडद घ्या.

रेवा_कासारवडवली
ठरलं मग, डॅडो ग्लॉसी, फिकट निळा, इपॉक्सी ग्राउट. शनिवारी आधी घोडबंदरच्या शोरूममध्ये आणि मग शिळफाट्याला जातोय. पाण्याची बाटली बरोबर घेते, लादीवर ओतून बघायला.